आधी मेंडेल की आधी डीएनए?

विद्यापीठात अनुवंशशास्त्राची सुरुवात साधारण दोन वाटांनी होते. एक निघते मेंडेलच्या 1866 च्या निबंधापासून: वाटाणे, प्रभावी-अप्रभावी गुण, मग वंशावळीचे तक्ते. दुसरी थेट डीएनएपासून: जनुक, प्रथिन, उत्परिवर्तन.

पहिल्या वाटेचं बळ शक्यतेच्या गणितात आहे. आईवडील दोघेही अप्रभावी आजाराचे वाहक (म्हणजे स्वतः निरोगी, पण सदोष जनुकाची एक प्रत असलेले) असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 1/4. हे सगळ्यांना येतं. पण आजारी मुलाचं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता विचारा, बरेच जण 1/2 म्हणतात. उत्तर 2/3 आहे, कारण भावंड निरोगी म्हटल्यावर चारातली एक शक्यता आधीच बाद झालेली असते आणि उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाच्या असतात. समुपदेशनाला आलेल्या कुटुंबासाठी हा फरक फार मोठा असतो.

आजार होतो कसा, हे मात्र दुसरीच वाट सांगते. सिकल सेल या रक्ताच्या आजारात बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक घटक) जनुकात डीएनएचं एक अक्षर बदलतं, आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात डीएनएमधली सीएजी ही तीन अक्षरं 40 किंवा त्याहून जास्त वेळा लागोपाठ येतात. विशेषतः वडिलांकडून येताना ही साखळी लांबू शकते, आणि मग पुढच्या पिढीत आजार लवकर दिसतो. नुसता तक्ता पाहून याचं कारण कळत नाही.

माझा कौल मेंडेलला; पण सिकल सेल रेणूपर्यंत सुरुवातीलाच शिकून घ्या, सत्राच्या शेवटासाठी ठेवू नका.