मेळघाटच्या ‘झऱ्याच्या पाण्या’ची एजन्सी घेण्याआधी हे वाचा

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागातल्या, माणसाला गोड्या पाण्याचं नाव काढून कोणीही गंडवू शकतो. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. ‘मेळघाटच्या झऱ्याचं पाणी, थेट उगमावरून’ असा भोंगा लावलेली गाडी आमच्या किराणा दुकानापुढे थांबली, तेव्हा अर्धं गाव जमलं.

गाडीवरच्या पोराकडे दोन-दोन सळया लावलेलं एक छोटं यंत्र होतं. एका ग्लासात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. बटण दाबलं आणि मिनिटभरात आमचं पाणी पिवळं, मग हिरवट-काळपट झालं, वर फेस आला. त्याचं पाणी तसंच नितळ. “पाहा काकाजी, हे तुम्ही रोज पेता. आपल्याकडं किडनीचे पेशंट कायले वाढले?” किडनीचं नाव निघालं की आमच्या भागात माणूस गप्पच होतो. बाबाही झाले.

तालुक्याची एजन्सी, 30,000 रुपये डिपॉझिट, लग्नसराईसाठी काचेच्या बाटल्या आणि वीस लिटरचे जार. पैसे कंपनीच्या नाही, कुणा बाईच्या नावाच्या खात्यावर मागितले. बाबांनी भरले. पहिला माल आला. दुसरा आलाच नाही, फोन बंद.

उरलेल्या बाटल्या आमच्या आतेभावाने तपासल्या. तो जुनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याने तसलंच यंत्र मागवलं, गाडीवाल्याचं पाणी ग्लासात घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. तोच गाळ, तोच फेस! त्या सळयांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजाचा रंग येतो. म्हणजे ग्लासात दिसणारी घाण सळईची, पाण्यातली नाही. क्षारच नसलेल्या पाण्यातून वीज जेमतेम जाते, म्हणून ते नितळ राहतं.

खरी गंमत पुढे आहे. खडकातून झिरपून आलेल्या झऱ्याच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतंच. नैसर्गिक मिनरल वॉटरच्या भारतीय मानकात (आयएस 13428) एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे 150 ते 700 मिलिग्रॅम धरलेत. असलं पाणी त्या यंत्रात थोडंफार तरी रंगलंच असतं. ज्या नितळपणावर बाबा भुलले, तोच पाणी झऱ्याचं नसल्याचा पुरावा होता. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर त्या बाटलीचा आकडा आला 18. साधं आरओचं पाणी. आई म्हणाली, “मंग त्याच्यात काहीच नाही, त मिनरल कायचं?”

लेबलवर डोंगर, धबधबा, सांबर सगळं होतं आणि खाली बारीक अक्षरात आयएस 14543. हा क्रमांक साध्या प्रक्रिया केलेल्या बाटलीबंद पाण्याचा. नैसर्गिक मिनरल वॉटर उगमाजवळच भरावं लागतं. टँकरने शहरात आणून भरलेलं पाणी त्या नावाने विकता येत नाही. आयएसआय चिन्हाची सक्ती ऑक्टोबर 2024 मध्ये काढली असली तरी एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना लागतोच आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या बाटलीवरचा क्रमांक टाकला तर भलत्याच जिल्ह्यातल्या फरसाणवाल्याचं नाव आलं. आयएसआयचा लायसन्स नंबर असेल तर तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पाहावा.

आमच्या बोअरचं पाणी चांगलं आहे असं मी म्हणत नाही. खारं आहेच. पण त्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू आहेत का, हे ना त्या सळया सांगतात ना टीडीएस मीटर. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आम्ही आता पाठवलाय.

पोलिसांत तक्रार दिली, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंदवली. डिपॉझिट अजून मिळालं नाही. तशीच गाडी अंजनगावकडे दिसल्याचं परवा एका दुकानदाराने सांगितलं. तुमच्या गावात आली, तर बटण दाबण्याआधी त्याच्या ग्लासात मीठ टाकायला लावा आणि आजूबाजूच्या चार माणसांना बोलावून घ्या.