नमुना खरा, पोतं खोटं

‘जुन्या साठ्यातली अस्सल अल्बनी स्लिप’ अशी जाहिरात दिसली तर पैसे देण्याआधी हे वाचा.

अल्बनी स्लिप म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यातली गाळाची माती. लोह, चुना, पोटॅश तिच्यातच असल्याने कोन १०ला (कोन म्हणजे भट्टीतली उष्णता मोजायचं माप) ती एकटीच वितळून तपकिरी ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, होते. १९८०च्या दशकात तिचं खाणकाम बंद पडलं. त्यामुळे जुना साठा म्हटलं की स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली पक्की भांडी, करणाऱ्यांचे कान टवकारतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

अशाच एका विकणाऱ्याने मला आधी नमुना पाठवला. राखाडी-तपकिरी पूड. ८० भाग माती आणि २० भाग फ्रिट ३१३४ (ग्लेझ वितळायला मदत करणारी दळलेली काच) घेऊन कोन ६ला, म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअसला भाजलं. टाइलवर गुळगुळीत, मधाळ रंगाचा ग्लेझ आला. मग सगळे पैसे आगाऊ घेऊन त्याने दोन पोती पाठवली: एक कच्च्या मातीचं, एक भाजलेल्या मातीचं. दोन्ही लागतात, कारण सगळी माती कच्चीच घातली तर ग्लेझ वाळताना आकसतो, तडकतो आणि भट्टीत गोळा होऊन भांडं उघडं पडतं.

कच्च्या मातीचं पोतं उघडलं तर आत विटकरी पूड. चिमूटभर बोटांवर चोळली, तर लाल डाग साबणानेही जाईना. साध्या मातीत लोह ऑक्साइड मिसळलं की असंच होतं. नमुन्याची थोडी पूड उरली होती. दोन्हींच्या टाइल त्याच प्रमाणात, त्याच फ्रिटबरोबर, एकाच भट्टीत शेजारी शेजारी ठेवल्या. नमुना चकचकीत निघाला, पोत्यातली माती नखाला खरखरीत लागणारी, कोरडी.

दुसऱ्या पोत्याची लबाडी तर पाण्यानेच उघडी पाडली. नीट भाजलेली माती पाणी घातल्यावर चिकटपणा धरत नाही, रेतीसारखी सुटी राहते. ही मळली, तिची वळी वळली, बोटाभोवती गुंडाळली तरी तुटली नाही. भाजलेल्या मातीचे पैसे घेऊन सरळ कच्ची माती दिली होती.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, ‘नैसर्गिक माती आहे, खेपेगणिक फरक पडणारच.’ फरक पडतो, हे खरंच आहे. पण भाजलेली माती पुन्हा कच्ची होत नाही! एवढं विचारल्यावर फोन उचलणंच बंद झालं. पैसे बुडाले ते बुडालेच. शिवाय मालासोबत आलेल्या रासायनिक पृथक्करणाच्या कागदावर ना खेप क्रमांक, ना तारीख.

असा माल घ्यायचाच असेल तर नमुना त्याच पोत्यातला मागा आणि पोतं हाती आल्यावर पुन्हा चाचणी होईपर्यंत निम्मे पैसे रोखून धरा. कोन ६च्या कामासाठी जुन्या साठ्यामागे धावायचीही गरज नाही. अल्बर्टा स्लिप हा पर्याय अल्बनी स्लिपच्या जागी वापरण्यासाठीच तयार केलेला आहे. माझ्याकडे उरलेली पूड आणि दोन्ही टाइल आहेत. असाच माल कुणाला आला असेल तर ताडून पाहायला देईन.