वर्षाचं भरावं की महिन्याचं आणावं?

एप्रिल लागला की आमच्या घरात हा वाद ठरलेला. सासूबाई म्हणतात, लोकवन गहू छान आलाय, भरून टाका. नवरा म्हणतो, दहा मिनिटांत दारात येतं, कोठ्यांनी खोली कशाला अडवायची? मी दोन्ही करून पाहिलंय. आधी बरीच वर्षं सगळं वर्षाचं, मग दोन-तीन वर्षं सगळं महिन्याचं. आता प्रत्येक जिन्नस वेगळा धरते. ढोबळमानाने अख्खं, कोरडं, कमी तेलाचं असेल ते वर्षाचं. फुटलेलं, दळलेलं किंवा तेलकट असेल ते महिन्याचं, काही तर आठवड्याचंच.

गहू वर्षाचा भरण्यात खरोखर फायदा आहे. रब्बीचा माल नुकताच आलेला असतो, निवडून घेता येतो आणि वर वैशाखाचं ऊन फुकट. ओल 12 टक्क्यांच्या आत असेल तर गहू आरामात वर्ष काढतो. घरात ओल मोजायचं यंत्र नसतं, पण दात असतात. दाणा कटकन फुटला तर भरा, चेपला तर अजून दोन उन्हं द्या. चूक होते ती पुढे. उन्हातला गरम गहू तसाच कोठीत ओतला की झाकणाच्या आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. रात्रभर घरात पसरून, पूर्ण निवला की मगच भरायचा. 50 किलोची एक कोठी की 25 च्या दोन? माझं मत दोनला. श्रावणात झाकण जितक्या वेळा उघडाल तितकी दमट हवा आत. एक बंद राहते, दुसरीतून दळणापुरता काढायचा.

तांदळाचं थोडं वेगळं. कोलम वर्षाचा घ्या, जुना होईल तसा भात मोकळा होतो. इंद्रायणी मात्र वासासाठी खायची, आणि साठवणीत तो वासच कमी होतो. म्हणून तो दोन-तीन महिन्यांपुरता. हातसडीचा तर त्याहून नाजूक. कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. पांढऱ्या तांदळाच्या हिशेबाने तो भरला तर निम्मा वाया जाईल.

कडधान्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. एका वर्षी दहा किलो मूग हौसेने भरले. जुलैत डबा उघडला तर वर हिरवट भुकटी आणि प्रत्येक दाण्याला गोल भोक, सुईने पाडल्यासारखं. दुकानदाराला मनातल्या मनात बरंच बोलले, पण दोष त्याचा असेलच असं नाही. भुंगेऱ्याची अंडी कित्येकदा शेतातच शेंगांवर पडलेली असतात, डबा कितीही घट्ट असो. अख्खे मूग, चवळी, हरभरे आता किलो-दोन किलोच आणते आणि आल्या आल्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये टाकते. अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. तूरडाळ त्या मानाने सोशिक. हाताला जेमतेम तेलकट लागेल इतकं एरंडेल चोळलं की वर्षभर टिकते, शिजवताना गरम पाण्याने धुवायची.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, कोणी कितीही खात्रीने दिल्या तरी घरात आणू नका. त्यांचा वायू जीवघेणा आहे आणि घरगुती वापराला त्यांना परवानगीच नाही. बोरिक पावडर चोळायची पद्धत आमच्याकडेही होती, मी बंद केली. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरतो.

पिठांबाबत दुसरं मत नाही, थोडंच दळा. गव्हाची कणीक महिना-दीड महिना चांगली. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू लागतं, कारण बाजरीत तेल जास्त आणि दळलं की ते लगेच खराब व्हायला लागतं. कडवट भाकरीवर लोणी घालून उपयोग नाही. ज्वारी थोडी दमदार. रवा कोरडा भाजून, गार करून भरला तर जाळी धरायला उशीर लागतो. पातळ पोहे पावसाळ्यात आठवड्याचेच.

शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं उन्हाळ्यात स्वस्त दिसले तरी मोह आवरा. खवट वास कळतो तरी, दाण्यावरची बुरशी नेहमी दिसत नाही, आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेला दाणा दिसला की टाकून द्यायचा. दाणे फ्रीजमध्ये, खोबरं किसून फ्रीजरमध्ये. तेलाचं तसंच, 15 किलोचा डबा मोठ्या कुटुंबाला परवडतो, दोघांना नाही. पाकिटावरची तारीख न उघडलेल्या मालाची असते, हे बरेच जण विसरतात.

मीठ-साखरेची काळजी नको, कोरडा चमचा वापरा. गूळ पावसाळ्यात पाझरतो, म्हणून जूनपूर्वी थोडाच.

डब्यांत धान्याला स्टील, मसाल्याला काच किंवा चिनी मातीची बरणी. प्लास्टिक मला रव्या-पोह्यांपुरतं पटतं. तिखट भरून ठेवलं की त्याचा वास डब्यातून जन्मात जात नाही.

मुंबई-कोकणात राहत असाल तर वर दिलेल्या मुदतींतून पावसाळ्याचे चार महिने जरा हात आखडूनच धरा. सोलापूर-मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेत तेच धान्य निवांत राहतं. भाड्याच्या घरात दोघंच असाल, दर वर्षी जागा बदलत असाल, तर तांदूळ सोडून काहीच वर्षाचं भरू नका. चौघं-पाच जण, रोज पोळ्या आणि कोरडी खोली असेल तर गहू, कोलम, तूरडाळ आणि वर्षाचा मसाला भराच. मसाला बरणीत दाबून भरा, मध्ये आणि वर हिंगाचे खडे ठेवा, आणि रोजच्यासाठी वेगळी छोटी बाटली काढा. मोठी बरणी दिवाळीपर्यंत कोणाला सापडणार नाही अशा जागी ठेवलेली बरी. आमच्याकडे ती सासूबाईंच्या पलंगाखाली असते.