बारसूम की माँगो? जॉन कार्टर आणि फ्लॅश गॉर्डनचे दोन आरपीजी
आरपीजी म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलावर गोष्ट रंगवत खेळायचा खेळ. दोन्ही पुस्तकं घेतली, दोन्हीवर बरेच महिने खेळलो आणि आता एकावर थांबलोय, म्हणून "एकच घ्यायचंय, कुठलं घेऊ?" अशा विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. फासे, कॅरॅक्टर शीट वगैरे तुम्हाला माहिती आहे असं धरतो. एक टूडीट्वेंटी सिस्टीमवरचा जॉन कार्टर ऑफ मार्स, दुसरा सॅव्हेज वर्ल्ड्सवरचा फ्लॅश गॉर्डन (या दोन्ही खेळाच्या नियमांच्या पद्धती). बारसूम म्हणजे कार्टरच्या गोष्टीतला मंगळ, माँगो म्हणजे फ्लॅशच्या गोष्टीतला ग्रह.

नुसता हिरो बघायचा तर माझं मन कार्टरकडे जातं. १९१२ साली मासिकात क्रमशः आलेली गोष्ट, व्हर्जिनियाचा कॅप्टन ॲरिझोनातल्या गुहेतून थेट मंगळावर पोचतो, तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून लांबच लांब उड्या मारतो, चार हातांचे हिरवे थार्क, आटून गेलेले समुद्र, हे सगळं डोक्यातून जातच नाही. पुस्तकही देखणं आहे, आडव्या आकाराचं, आणि कार्टरच्या आयुष्यातले तीन वेगवेगळे काळ खेळायला दिलेत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जखम, भीती आणि गोंधळ अशा तिन्हींचा ताण वेगळा मोजतात, त्यामुळे तलवार न काढता नुसत्या बोलण्यानेही समोरच्याला नमवता येतं.

पण यात स्किल्स नाहीत. सहा गुण आहेत, डेअरिंग, माइट, पॅशन, रीझन असे, त्यातले त्या कामाला लागणारे दोन घ्यायचे, बेरीज करायची आणि फासे त्या आकड्याच्या आत आणायचे. वाचताना सुंदर वाटतं. आमच्या टेबलवर मात्र फासे टाकायच्या आधी दर वेळी चर्चा! एकदा हेलियम या मंगळावरच्या शहराच्या विमानातून शत्रूच्या विमानावर उडी मारायची होती, जिचं कॅरॅक्टर होतं ती म्हणाली डेअरिंग आणि पॅशन, कारण तिचा भाऊ पलीकडे कैदेत आहे, दुसरा म्हणाला उडी आहे तर माइट हवंच, मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी दोघांचं ऐकत बसलो, आणि तेवढ्यात त्या उडीतला जीवच गेला. पुढे पुढे तर ज्याचा जो गुण चांगला तोच गुण प्रत्येक वर्णनात यायला लागला, कुलूप उघडायचंय तरी पॅशन. त्यात खेळाडूंचा मोमेंटम आणि जीएमचा थ्रेट (दोन्ही साठवून वापरायचे पॉइंट) यांचा हिशोब वेगळाच. अनुभवी जीएम हे पटापट निकालात काढत असतीलही, मला ते जमलं नाही हे खरं.

फ्लॅश गॉर्डनमधे हा प्रश्नच येत नाही. नेमबाजी म्हणजे नेमबाजी, त्याचा फासा उचल, सोबत सहा बाजूंचा वाइल्ड डाय, दोन्हीतल्या एकावर चार किंवा जास्त आले की काम झालं. सगळ्यात मोठा आकडा पडला की परत टाकायचा आणि बेरीज वाढवत न्यायची, तेव्हा सगळं टेबल उठून उभं राहतं. कुणाची पाळी आधी ते पत्त्यांवर ठरतं, तेही दर फेरीला नव्याने. १९३४ पासून रविवारच्या पानावर ॲलेक्स रेमंड जे करायचा, म्हणजे हिरोला संकटात लटकवून आठवडाभर थांबवायचं, तो वेग इथे आपोआप येतो. आणि इंद्रजाल कॉमिक्समुळे हा गडी आपल्याकडे घरातल्या मोठ्यांनाही ओळखीचा, एका मैत्रिणीचे काका तर फ्लॅशचा शत्रू मिंग याचं नाव ऐकून खुर्ची ओढून बसले आणि पंखवाल्या हॉकमनचा राजा व्हल्टन होऊन रात्री उशिरापर्यंत खेळले.

खोट यातही आहे. फासे असे फुटत गेले की मिंगचा सेनापती पहिल्याच फटक्यात आडवा होतो, दोन दिवस खपून केलेली तयारी वाया. शेकन, म्हणजे फटक्याने हादरलेला, खेळाडू कधीकधी पाळीभर नुसता बघत बसतो तेही बरं नाही वाटत, पण एखादी बेनी (अडचणीत वापरायचं टोकन) दिली की सुटतो.

तुम्ही दोघं-तिघंच असाल, सगळ्यांना बारसूम वाचून पाठ असेल आणि निवांत बोलत खेळायला आवडत असेल तर कार्टर नक्की घ्या, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सापडेल त्यात. नवीन माणसं असतील आणि शनिवारची एकच संध्याकाळ हातात असेल तर फ्लॅश. आमच्याकडे सध्या कार्टरचं पुस्तक चित्रं बघायला हातात घेतलं जातं, खेळ फ्लॅशच्या आर्बोरियाच्या जंगलात चालू आहे आणि प्रिन्स बॅरिनला सोडवायचं अजून बाकी आहे.