मणक्याच्या इजेसाठीचे ऑनलाइन ग्रुप : आठ महिन्यांनंतर

जूनमधली एक रात्र झाली नसती, तर हे लिहायला बसलेच नसते. पावणेबाराला डोकं ठणकायला लागलं. छातीच्या वर घामाच्या धारा, चेहरा लालबुंद, मांड्यांवर काटा. माझी इजा डी-४ ची, म्हणजे पाठीच्या चौथ्या मणक्याशी, छातीखालचं मला काही कळत नाही. भावाने बीपी मोजलं, १५०/९५. ज्या डॉक्टरांना फोन लावला ते म्हणाले, दीडशे म्हणजे फार नाही, गोळी घ्या आणि झोपा. माझं रोजचं बीपी ९०/६० असतं. त्यांनी ते विचारलंच नाही.

मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. चौथ्या मिनिटाला जळगावकडच्या एका दादांचा व्हॉइस मेसेज आला, २ मिनिटं ५० सेकंदांचा. ताई घाबरू नका, मलाही एकदा लग्नाला गेलो असताना असंच झालं होतं, कार्यालय कुठलं होतं, सोबत कोण होतं. कामाचं वाक्य अगदी शेवटी : "आडव्या असाल तर आधी उठून बसा, पाय खाली सोडा, आणि लघवीची नळी कुठे दुमडली का ते बघा."

नळी मांडीखाली दबली होती. सरळ केली, पिशवीत लघवी उतरली, थोड्या वेळाने डोकंही उतरलं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना होतो. तुंबलेलं मूत्राशय, साचलेला शौच, बेडसोर (दाब पडून होणारी जखम), आवळलेला पट्टा, यातलं काहीही खाली खुपत असतं. आपल्याला ते कळत नाही, पण रक्तवाहिन्या आवळतात आणि त्यांना सैल करणारा मेंदूचा निरोप इजेच्या खाली पोचत नाही. नेहमीच्या बीपीपेक्षा वरचा आकडा २० ते ४० ने चढला तरी हे समजावं. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही, तर तडक दवाखाना गाठायचा, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मला डिस्चार्ज देताना यातला एक शब्दही कुणी सांगितला नव्हता. आता हा शब्द आणि माझं रोजचं बीपी लिहिलेला कागद व्हीलचेअरच्या खिशात असतो.

ग्रुपमध्ये शिरले ती नाइलाजाने. सिडकोतल्या आमच्या गल्लीतून व्हीलचेअर मुख्य रस्त्याला लावायची तरी दोन माणसं लागतात. अपघातानंतर दोन वर्षं नाशिकमध्ये माझ्यासारखी इजा झालेलं कुणी भेटलं नव्हतं. यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये गेले, तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी मला या ग्रुपवर घेतलं. निळं कार्ड ८० टक्के आणि त्यावरच्यांना मिळतं, हेही त्यांच्याचकडून कळलं.

फेसबुकवरचा हिंदी ग्रुप मोठा आहे, पण स्टेम सेलने चालायला लावतो म्हणणारे तिथे रोज. दुसऱ्याच दिवशी एकाने इनबॉक्समध्ये पैशांचा आकडा सांगितला. तो ग्रुप सोडला. टेलिग्रामवर फक्त जुन्या वस्तू. तिथून व्हीलचेअरवरची एअर कुशन ९ हजारांना घेतली, दुकानात नवी ३२ हजारांना सांगितली होती. पैसे वाचले याचा आनंद अजून आहे. पण घेताना वापरणाऱ्याला बेडसोर होता का ते विचारा, आणि घरी आणल्यावर रात्रभर हवा टिकते का ते बघूनच बसा.

राहिला मराठी ग्रुप, आणि त्यातले व्हॉइस मेसेज. त्या रात्रीनंतर माझा संताप त्यांच्यावरच निघाला. आवाजात शोधता येत नाही. कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलायचं, वॉशर कुठला, हे सगळं तिथे सांगून झालेलं आहे, पण हाताला लागत नाही. रात्री पावणेबाराला कुणी तीन मिनिटं लग्नाची हकीकत का ऐकावी? मी ग्रुपवर लिहिलं की व्हॉइस मेसेज बंद करा, ज्याला मदत करायची त्याने टाइप करावं.

अ‍ॅडमिनताईंचा फोन आला. दादांची इजा मानेत आहे, सी-५ ला. बोटं मिटत नाहीत. दिवसा हाताच्या पट्ट्यात पेन्सिल अडकवून ते एकेक अक्षर टाइप करतात. रात्री पट्टा काढलेला असतो. त्या रात्री वहिनींनी फोन छातीवर ठेवला आणि माईकचं बटण त्यांनी मनगटाने दाबलं होतं.

मी तो मेसेज काढून टाकला आणि दादांची माफी मागितली. ते म्हणाले, ताई, तुमचंही खरं आहे, कामाचं आधी बोलायला पाहिजे होतं. आता ते पहिल्याच वाक्यात काम सांगतात. आणि ज्यांचे हात चालतात अशा आम्ही तिघीजणी रोज एक मेसेज ऐकून खाली चार ओळी टाइप करतो. "नळी" असं शोधलं की सापडावं म्हणून.

म्हणून आधीचं मत मागे घेते, पण अर्धंच. ज्यांची बोटं चालतात आणि तरीही जे सहा मिनिटं बोलतात, त्यांच्यावरचा राग कायम आहे. कुशनचं पंक्चर पाण्यात बुडवून कसं शोधायचं, तो त्यांचाच मेसेज आज उतरवायचा आहे.