‘पॅचवर्क’ : ठिगळे जोडण्याचा खेळ, वेळेचा हिशेब

दोघांनीच खेळायचे पटावरचे खेळ निवडताना बहुतेकांची गाडी बुद्धिबळापाशी येऊन थांबते. ज्यांना तितकी चुरस नको, पण निव्वळ फाशांच्या दानावर चालणारा खेळही नको, त्यांच्यासाठी ‘पॅचवर्क’ हा पर्याय नक्कीच विचारात घेण्याजोगा आहे. जर्मन खेळरचनाकार उवे रोझेनबर्ग यांचा हा खेळ लुकआउट गेम्स या प्रकाशनाने 2014 साली बाजारात आणला. रोझेनबर्ग यांचे नाव एरवी ‘अ‍ॅग्रिकोला’सारख्या शेतीवाडीच्या मोठ्या, वेळखाऊ खेळांशी जोडलेले आहे, हा डाव मात्र अर्ध्या तासात आटोपतो.

खेळाचे निमित्त साधे आहे. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तशी ठिगळांची रजई येथे दोघांनी आपापल्या पटावर तयार करायची असते. प्रत्येकाच्या पटावर 9 गुणिले 9, म्हणजे 81 घरे असतात. वेगवेगळ्या आकारांचे 33 तुकडे मधल्या वेळेच्या पटाभोवती वर्तुळात मांडतात आणि एक तटस्थ सोंगटी सर्वांत लहान, दोन घरांच्या तुकड्यापुढे ठेवतात. त्या सोंगटीपुढचे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने येणारे फक्त तीन तुकडे निवडीसाठी खुले असतात. त्यांपैकी एक उचलला की सोंगटी त्याच्या जागी येते आणि पुढचे तीन तुकडे प्रतिस्पर्ध्यासमोर येतात. त्यामुळे तिसरा तुकडा उचलणे म्हणजे मधले दोन तुकडे वर्तुळाच्या शेपटीला ढकलणे होय, आणि अनेकदा तुकड्यापेक्षा हे ढकलणेच अधिक मोलाचे ठरते.

तुकड्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे बटणे, हे या खेळातले चलन; दुसरी म्हणजे वेळ, जी वेळेच्या पटावर आपली सोंगटी तितकी घरे पुढे सरकवून चुकती करायची. पाळी आळीपाळीने येत नाही. ज्याची सोंगटी मागे, त्याची पाळी. कमी वेळेचे तुकडे घेत राहणारा खेळाडू त्यामुळे लागोपाठ दोन-तीन चाली करू शकतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्याच घरात जाऊन थांबल्यास सोंगटी त्याच्या सोंगटीवर चढते व पुन्हा आपलीच पाळी येते. तुकडा परवडत नसेल किंवा नको असेल, तर सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या घरात नेऊन जितकी घरे ओलांडली तितकी बटणे घ्यावीत. वेळेच्या पटावर ठरावीक अंतरावर बटणाच्या खुणा असतात. त्यांपैकी एखादी ओलांडली की आपल्या रजईवर जितकी बटणे छापलेली असतील तितकी मिळकत हाती येते.

खेळाचे खरे मर्म या दोन चलनांच्या विनिमयात आहे, आणि नवखा खेळाडू नेमका तेथेच फसतो. तो तुकडे कसे चपखल बसतील एवढेच पाहतो. उदाहरणादाखल दोन गुणिले दोन घरांचा साधा चौकोनी तुकडा घेऊ. त्याला 6 बटणे आणि 5 घरे वेळ लागतो, व त्यावर 2 बटणे छापलेली असतात. खेळाच्या शेवटी उरलेले प्रत्येक बटण म्हणजे 1 गुण आणि प्रत्येक रिकाम्या घरामागे 2 गुण वजा होतात, म्हणून हा तुकडा 8 गुण वाचवतो. वेळेचे एक घर पुढे सरकण्याचे एक बटण मिळतेच, तेव्हा त्याची खरी किंमत 11 धरावी लागते. पुढे मिळकतीच्या 8 खुणा शिल्लक असतील, तर 16 बटणे येतील आणि सौदा 13 गुणांच्या फायद्याचा ठरेल. एकच खूण उरली असेल, तर तोच तुकडा 1 गुणाने तोट्यात जातो. म्हणून पूर्वार्धात बटणे छापलेल्या तुकड्यांना प्राधान्य द्यावे आणि उत्तरार्धात थोड्या वेळात पुष्कळ घरे झाकणारे तुकडे शोधावेत. सुरुवातीला हाती केवळ 5 बटणे असल्याने हा चौकोनी तुकडा पहिल्याच चालीत परवडत नाही, ही रचनाकाराची बारीक खोडी मला विशेष आवडली.

वेळेच्या पटावर एका घराचे पाच चामडी तुकडेही ठेवलेले असतात. जो प्रथम ओलांडेल त्याचा तो तुकडा, आणि तो लगेच बसवावा लागतो. रजईतली एकटी पडलेली भोके बुजवायला याहून चांगला उपाय नाही. शिवाय 7 गुणिले 7 घरांचा सलग चौकोन जो आधी पूर्ण भरेल त्याला 7 गुणांचे बक्षीस मिळते. दोन्ही सोंगट्या वेळेच्या पटाच्या मध्यभागी असलेल्या शेवटच्या घरात पोहोचल्या की उरलेल्या बटणांतून रिकाम्या घरांचे गुण वजा करतात. सुरुवातीलाच 81 रिकाम्या घरांचे 162 गुण वजा असतात, म्हणजे दोघेही उणे 157 वरून वर येत असतात. पहिल्या काही डावांत शेवटचा आकडा शून्याखाली राहिला तर खट्टू होण्याचे कारण नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खेळाची पेटी लहान असली तरी 33 तुकड्यांचे वर्तुळ, दोन पट आणि मधला पट एवढा पसारा चहाच्या टेबलावर मावत नाही. सतरंजीवर बसून खेळणे अधिक सोयीचे. रजईच्या पटाला खाचा नाहीत, त्यामुळे कोपराचा जरासा धक्का लागला तरी तुकडे सरकतात. सर्व माहिती उघडी असल्याने फार विचार करणारा प्रतिस्पर्धी समोर असल्यास अर्ध्या तासाचा डाव सहज तासावर जातो. घरात तिसरा माणूस असेल तर त्याला येथे जागा नाही. प्रतिस्पर्ध्याच्या पटाला हातही लावता येत नाही. ज्यांना सोंगटी मारल्याखेरीज खेळ खेळल्यासारखे वाटत नाही, त्यांना हे मिळमिळीत वाटेल.

तुकड्यांवर मात्र आकडे आणि चिन्हांखेरीज एक अक्षरही छापलेले नाही. नियम एकदा समजावून सांगितले की इंग्रजी न वाचणारी आजी आणि आठ-नऊ वर्षांचे नातवंड बरोबरीने खेळू शकतात, आणि तुकडा फिरवून-उलटवून बसवण्यात लहान मुले बहुधा मोठ्यांच्या पुढे असतात. परदेशी खेळ असल्याने किंमत आपल्याकडच्या सापशिडी-ल्यूडोच्या मानाने बरीच जास्त पडते. तेव्हा विकत घेण्याआधी मोबाइलवरची अधिकृत आवृत्ती खेळून पाहावी. तेथे गुणांची बेरीज-वजाबाकी आपोआप होते, पण पुठ्ठ्याचा तुकडा हातात धरून जागा शोधण्याची मजा पडद्यावर येत नाही.