विज्ञान प्रकल्पासाठी सिम्युलेशन घ्यावं की फोनचे सेन्सर?

डिजिटल प्रकल्प म्हटलं की बऱ्याचदा पीपीटीच हाती येते: चार चित्रं, उचललेला मजकूर आणि शेवटी ‘धन्यवाद’. ती मी या तुलनेत धरतच नाही. मुलांनी स्वतःचं डोकं चालवावं असं वाटत असेल, तर खरी निवड दोघांत आहे: फेट (PhET) या संकेतस्थळाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, किंवा फोनच्या सेन्सरने मोजमाप करणारं फायफॉक्स (phyphox) हे अ‍ॅप. दोन्ही मोफत.

फेट 2002 साली नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोराडो विद्यापीठात सुरू केलं. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, डाउनलोड करून ठेवली की इंटरनेट नसलं तरी चालतात. लंबकाची लांबी, वस्तुमान, घर्षण बोटाने बदला. लंबक हवा तर गुरू ग्रहावर न्या. मोडतोडीची भीती नसल्याने ‘असं केलं तर?’ हा प्रश्न मुलं बिनधास्त विचारतात. मात्र बनवणाऱ्याने जे बदलायची सोय ठेवली, तेवढंच बदलता येतं.

फायफॉक्स जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं, 2016 सालचं. इथे फोनच दोरीला उभा टांगून लंबक करायचा. दोरी बरोबर 1 मीटर, म्हणजे सूत्राप्रमाणे आवर्तनकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) 2.01 सेकंद. स्क्रीनवर मात्र 2.08 च्या आसपास आकडा येतो, आणि गंमत सुरू होते. सेन्सर चुकतोय, हवेचा अडथळा आहे, दोरी ताणली गेली... प्रत्येक तर्क तपासायला वेगळी युक्ती काढावी लागते. लांबी फोनच्या वरच्या कडेपर्यंत नाही, मध्यापर्यंत मोजायची, हे कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत तास संपलेला असतो. पंधरा सेंटिमीटरच्या फोनने साडेसात सेंटिमीटर लपवलेले असतात!

सर्जनशीलतेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीत भरपूर कल्पना सुचणं आणि विचाराची दिशा बदलता येणं या वेगळ्या क्षमता आहेत. माझ्या मते पहिलीला फेट छान खाद्य पुरवतं. दुसरी न जुळणाऱ्या आकड्यापाशी जास्त कसाला लागते.

हाताशी एक-दोन तासच असतील तर फेट घ्या. दोन आठवडे मिळणार असतील तर फायफॉक्स, गटाला एक फोन पुरे. स्वस्त फोनमध्ये अनेकदा जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) नसतो आणि लंबकाच्या प्रयोगाला तो लागतो, तेव्हा आधी खात्री करा. खाली उशी ठेवा. आणि गुण देताना बाद ठरलेल्या तर्कांनाही वाटा ठेवा. सगळे गुण अचूक उत्तराला असले, तर वहीत 2.08 चे गुपचूप 2.01 होतात.